बिनवसाबीचा डबा

सुशीचा पहिला घास तोंडात गेला आणि तोमिएला कळलं, यात वसाबी नाही. भात आणि मासा यांच्या मधे नाकापर्यंत झिणझिणी चढवणारं ते हिरवं वाटण नखभर तरी असायला हवं होतं. तिथं काहीच नव्हतं. नुसता भात, वर नुसता मासा. लहान पोराला किंवा दवाखान्यातल्या म्हाताऱ्याला भरवतात तसा घास. तिनं तो सावकाश चावला, गिळला, आणि मान वर करून काउंटरपलीकडं बघितलं. मालक सुरी पुसत हसत उभा होता.

“वहिनींना वसाबी चालत नाही ना,” तो म्हणाला. “आम्हाला माहीत आहे. बिनधास्त खा, एकाही तुकड्यात घातलेलं नाही.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायला कशाला हवं? एकतीस वर्षं दर शनिवारी तुमचा डबा बांधलाय आम्ही.”

म्हणजे इथवर पोचलं होतं तर. तोमिएला वाटत होतं, की तो अपमान निदान घरातल्या घरात आहे, स्वयंपाकघराच्या ओट्याशी, तिच्या आणि नवऱ्याच्या, शोझोच्या, मधे, आणि शोझो सव्वा महिन्यापूर्वी वारला तेव्हा त्याचा दुसरा साक्षीदार उरला नाही. आता कळत होतं, की तोक्योच्या कामाता भागातल्या या गल्लीत, आठ खुर्च्यांच्या या टीचभर दुकानात, सुरी पुसणाऱ्या या माणसालासुद्धा ती गोष्ट ठाऊक आहे. शोझो सुगायाची बायको, तिला तिखट सोसत नाही. तिला! इझूच्या डोंगरात वसाबीच्या वाफ्यांत घोट्यापर्यंत पाय बुडवून वाढलेल्या पोरीला! तिचा बाप वसाबीच पिकवायचा. बारा महिने बर्फासारखं गार पाणी दगडांच्या पायऱ्यांवरून खेळवायचा, मुळं उपटायचा, ती नाकाशी धरून डोळे मिटायचा आणि कुठलं मूळ तोक्योला जायचं, कुठलं गावात विकायचं, ते सांगायचा. घरातलं पोर सहा वर्षांचं झालं की बाप ताजं किसलेलं वसाबी बोटानं त्याच्या जिभेवर ठेवायचा. थोरला भाऊ रडला होता. मधला थुंकला होता. तोमिए नाकातून पाणी गळत असताना म्हणाली होती, अजून द्या. ही गोष्ट बापानं पुढं आल्यागेल्याला इतक्यांदा सांगितली, की तिला स्वतःला ती आठवते की ऐकून पाठ झाली आहे, हे तिला आता सांगता आलं नसतं.

आणि शोझोला हे सगळं माहीत होतं. बघायला आला तेव्हा बापानं त्याच्यापुढं गरम भातावर ताजं वसाबी वाढून ठेवलं होतं आणि पोरीचा तो पराक्रम मीठमसाला लावून सांगितला होता. शोझोचे डोळे भरून आले, कान लाल झाले, आणि तो म्हणाला, “फार छान आहे.” त्या दिवशी तो बोलला ते एवढंच. तोमिएच्या आईला वाटलं, मुलगा लाजाळू आहे. तोमिएलाही तसंच वाटलं. लाजाळूपणा चार महिन्यांत, फार तर वर्षात जातो, अशी तिची समजूत होती. जे गेलं नाही ते लाजाळूपण नव्हतं, हे कळेपर्यंत नाओया पोटात होता.

“वहिनी, आता पांढरा मासा झाला ना, की मग हळूहळू चरबीच्या माशाकडं जायचं,” शेजारच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं. “एकदम ट्यूनाला हात घालायचा नाही. जीभ मरते.”

हा ओनुकी. चटया विणणारा. मघाशी मालकानं ओळख करून दिली तेव्हा त्यानं उठून कमरेत वाकून शोक व्यक्त केला होता आणि वाकता वाकता बाही सोयासॉसमध्ये बुडवली होती. तोमिएनं त्याच्याकडं एकदा पूर्ण बघून घेतलं. प्रत्येक दुकानात असा एक उंटावरचा शहाणा बसलेला असतो. मासा कधी समुद्रातून ओढलेला नसतो, कधी खवले काढलेले नसतात, पण कुठल्या हातानं, कुठल्या क्रमानं, किती घासांत, याचं शास्त्र तोंडपाठ असतं. आठव्या वर्षी ती बांगड्याची आतडी अंगठ्यानं काढत होती. हा तिला जीभ मरते म्हणून सांगणार.

“माझी जीभ केव्हाच मेली आहे,” ती म्हणाली. “तुम्ही आपलं खा.”

ओनुकी मोठ्यानं हसला. त्याला तो विनोद वाटला. मूर्खांचं हे एक बरं असतं, त्यांना काही टोचत नाही. मालकही हसला आणि त्यानं तिच्यापुढं कोळंबी ठेवली. त्यातही काही नव्हतं.

ती इथं कशाला आली होती? चहाचा डबा द्यायला, असं तिनं नाओयाला फोनवर सांगितलं होतं. दुकानानं अंत्यविधीच्या वेळी पैशांचं पाकीट पाठवलं होतं, त्याची परतभेट द्यायलाच हवी. नाओया नागोयाहून म्हणाला, अगं मग टपालानं पाठव ना, सगळे तसंच करतात. ती म्हणाली, टपालाला पैसे पडतात. ते खोटं होतं. दाराशी भेट ठेवून निघावं तर मालकानं हात जोडून बसवलंच. सुगाया-सानच्या खुर्चीवर एकदा तरी बसा, वहिनी, तुम्ही आजवर पाऊल टाकलं नाहीत. आणि ती बसली. खरं कारण वेगळं होतं आणि ते स्वतःशी कबूल करायची तिला लाज वाटत होती. उसुई नावाचा पाथरवट महिनाभर तिच्या मागं लागला होता. सोमवारी तो सुगायांच्या थडग्यावर शोझोचं नाव कोरायला घेणार. त्याच्या शेजारी तिचंही कोरून त्यात लाल रंग भरायचा का? जिवंत बायकोचं नाव तसंच असतं, लाल. ती गेली की रंग खरवडून काढतात. सगळ्या बायका तसंच करून घेतात. तोमिएनं चार वेळा उद्या सांगते म्हणून फोन ठेवला होता. शहराबाहेरच्या एका देवळात आता झाडाखाली अस्थी पुरतात, अनोळखी लोकांबरोबर, नाव नाही, गाव नाही. तिची एक मैत्रीण तिथं जागा घेऊन बसली होती आणि तिलाही चल म्हणत होती. आज शनिवार. पाचच्या आत उसुईला एक नाव की दोन ते सांगायचं होतं. आणि तोमिए सुगाया, वय सदुसष्ट, या दुकानात शोझोबद्दलची एखादी गोष्ट शोधायला आली होती. बरी असो, वाईट असो. चाळीस वर्षं एका छपराखाली काढून तिच्याजवळ त्याच्याबद्दल सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे तो डबा.

दर शनिवारी दुपारी कारखान्याची अर्धी पाळी संपली की शोझो इथं यायचा. पुढं निवृत्त झाला तरी शनिवार सुटला नाही. दिवेलागणीला घरी यायचा तेव्हा मनगटात डबा लटकत असायचा, कागदात बांधलेला, वर सुतळीचा फास. तो टेबलावर ठेवायचा आणि आंघोळीला जायचा. एक शब्द नाही. आत भोपळ्याच्या सुकवलेल्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या, अंड्याचा गोड थर, उकडलेली कोळंबी, वामेचे दोन तुकडे. ज्याला कच्चा मासा देऊन वाया घालवायचा नाही अशा माणसाला जे जे देतात ते सगळं. आणि वसाबीचा पत्ता नाही. पहिल्या वर्षी तिला वाटलं, विसरला असेल. दुसऱ्या वर्षी वाटलं, स्वस्तात मिळत असेल. तिसऱ्या वर्षी तिला उमगलं, की हे मुद्दाम आहे. ज्या बाईच्या बापानं त्याला रडवलं होतं तिला तो दर आठवड्याला न बोलता सांगत होता: तू पोर आहेस. तुला तिखट झेपायचं नाही. तुझ्या डोंगराची, तुझ्या बापाची, तुझ्या जिभेची किंमत एवढी. फ्रिजमध्ये भावानं पाठवलेलं वसाबीचं मूळ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असायचं. तिनं ते त्या सुशीवर एकदाही किसलं नाही. अपमान खायचा तर तो तसाच खायचा, त्याला चव कशाला आणायची? ती ओट्याशी उभी राहून सगळा डबा खायची, शेवटच्या शितापर्यंत, आणि आत नळाखाली बसलेल्या त्या माणसाचा इतका तिरस्कार करायची, की आठवडाभर पुरायचा.

विचारलं का नाही? विचारणं म्हणजे मागणं. ती मागणाऱ्यांतली नव्हती.

“काय बोलायचे हो ते इथं?” तिनं मालकाला एकदम विचारलं.

मालकाचा हात थांबला. त्यानं ओनुकीकडं बघितलं, ओनुकीनं आपल्या पेल्याकडं.

“सुगाया-सान ना?” मालक म्हणाला. “बोलायचे... म्हणजे, नेहमीचं द्या, असं म्हणायचे.”

“आणि?”

“आणि टीव्ही बघायचे,” ओनुकी म्हणाला. “सुमो असली की सुमो. नसली की जे असेल ते. एकदा दीड तास केस गळण्यावरच्या औषधाची जाहिरात बघत होते. मी म्हटलं, सुगाया-सान, तुमचे तर शाबूत आहेत! तर म्हणाले, हो.”

“मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसलो,” ओनुकी पेला खाली ठेवून म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात शास्त्र नव्हतं. “मुलगा आहे, हे मला ते गेल्यावर कळलं.”

तोमिएला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. तिनं या दुकानाची किती चित्रं रंगवली होती! इथं शोझोला तोंड फुटतं. इथं तो हसतो, मांडीवर थापा मारतो, बायकोची टिंगल करतो. माझी बायको डोंगरातली हो, तिला काय कळतंय. मालकीण लालभडक ओठांची असते आणि त्याच्या पेल्यात वाकून वाकून ओतते. शनिवारी दुपारी कपडे वाळत घालताना ती हे सगळं बघायची, आवाजासकट. तिला त्याचा संताप यायचा, आणि संताप आला की तिच्या हाताला वेग यायचा. आता ती त्याच खुर्चीवर बसली होती. समोर माशांची काचपेटी, वर कोपऱ्यात टीव्ही. टीव्हीत कुणी माणूस एका डोंगरावरून चालत होता. या खुर्चीवरून दुसरं काही दिसतच नव्हतं.

मालकीण आतून आली. हिसानो तिचं नाव. गुडघ्यांनी गेलेली, बुटकी, रबरी बूट घातलेली, तांदळाच्या वाफेनं चेहरा फुगलेला. हिच्यावर आपण वर्षानुवर्षं जळत होतो, हे बघून तोमिएला स्वतःचीच किळस आली. हिसानोच्या हातात डबा होता, कागदात बांधलेला, वर सुतळीचा फास.

“वहिनी, जाताना एवढं न्यायचं.”

“आता कशाला?” तोमिए म्हणाली. “नेणारा तर गेला.”

“नेणारा गेला, पण खाणारी आहे ना!”

हे बोलणं तोमिएला झोंबलं. तिनं हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. “त्यांनी तुम्हाला अगदी बजावून ठेवलेलं दिसतंय. बायकोला वसाबी घालू नका म्हणून.”

“कोणी, सुगाया-साननी?” हिसानोनं मान हलवली. “अहो, ते काय बजावणार! त्यांनी डबा मागितलाच कधी नाही.”

“मागितला नाही म्हणजे?”

“नाहीच मागितला. तुम्ही विसरलात वाटतं, पहिल्या वर्षी तुम्ही दुकानात फोन केला होता. सुगाया आहेत का तिथं, म्हणून. मागं पोर भोकाड पसरून रडत होतं. मी म्हटलं, आहेत, देऊ का? तर तुम्ही म्हणालात, नको, असू द्या. तो आवाज माझ्या डोक्यातून जाईना. मी यांना म्हटलं, बाई आजारी पोर घेऊन एकटी बसलीय, काहीतरी बांधून द्या तिला. पोरासाठी म्हणून वसाबी घातलं नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा बांधलं. मग चालूच राहिलं.”

“ते पोर छत्तीस वर्षांचं आहे.”

“असेल हो. पण तुमच्याकडून कधी निरोप आला नाही, की आता वसाबी घाला. मला वाटलं, वहिनींनाच चालत नसेल. आणि विचारायचं कसं? विचारलं असतं तर फुकटच्या डब्याची आठवण करून दिल्यासारखं झालं असतं. तुम्हाला काहीतरी पाठवावं लागलं असतं. म्हणून गप्प बसले.”

“आणि ते? ते काय म्हणायचे?”

हिसानोनं नवऱ्याकडं बघितलं. मालक काचपेटीतले मासे उगाच सरळ करत होता.

“ते विसरून जायचे, वहिनी. निम्म्या वेळा. मी हे बूट घालून सिग्नलपर्यंत धावायचे. मनगटात अडकवला की न्यायचे. नको म्हणाले नाहीत कधी. आत काय आहे, तेही कधी विचारलं नाही.”

तोमिए त्या डब्याकडं बघत राहिली. टीव्हीतला माणूस डोंगरावर पोचला होता आणि हात कमरेवर ठेवून खाली बघत होता. सगळं किती सोपं होतं. एक बाई विचारायचं अवघड जातं म्हणून गप्प, दुसरी मागायचं नाही म्हणून गप्प, आणि मधे एक मनगट, त्यात सुतळी. तो टेबलावर डबा ठेवायचा तेव्हा त्यात काही म्हणणं नव्हतं. तू पोर आहेस, असं म्हणणं नव्हतं. तुझा बाप, तुझा डोंगर, त्यातलं काही नव्हतं. तो हातातलं ओझं खाली ठेवत होता, एवढंच, जशी छत्री ठेवतात. ती तीस वर्षं ओट्याशी उभी राहून ज्या माणसाशी भांडत होती तो आत आंघोळ करणाऱ्या माणसापेक्षा कितीतरी मोठा होता. तो कावेबाज होता, खुनशी होता, त्याला तिची एकेक दुखरी जागा माहीत होती, आणि दर शनिवारी तो तिच्यासाठी नेमकं तेच बांधून आणायचा. तिला तो आवडायचा नाही. पण तो होता. आता त्याच्या जागी केस गळण्याच्या औषधाकडं दीड तास बघणारा एक माणूस बसला होता आणि त्याच्याबद्दल तिला काहीच वाटत नव्हतं. तुच्छतासुद्धा नाही. तुच्छ मानायला समोर थोडं तरी कुणी लागतं.

“वहिनी, रागावलात का?” हिसानोनं विचारलं.

“माझे वडील वसाबी पिकवायचे,” तोमिए म्हणाली. “इझूला. मी सहा वर्षांची असल्यापासून खाते.”

हिसानोनं तोंडावर हात घेतला. मग ती वाकली, इतकी, की तिचं कपाळ काउंटरच्या लाकडाला लागलं, आणि मालकही सुरी ठेवून तिच्याशेजारी वाकला, आणि ओनुकी, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता, तोही खुर्चीवरून अर्धा उठून वाकला. तीन माथी तिच्यापुढं झुकली होती. तोमिएला वाटलं, ओरडावं, की उठा, मूर्खांनो. माफी मागायची ज्याची पाळी होती तो तर या कशात नव्हताच. या बुटक्या बाईनं अनोळखी आवाज फोनवर एकदा ऐकला आणि दर शनिवारी आठवणीनं तिच्यासाठी धावली. जगात तिची एवढी आठवण दुसऱ्या कुणी ठेवली नव्हती. आणि तिला मात्र लाल ओठ चिकटवून तोमिएनं आयुष्य काढलं. तिला हिसानोचा तिरस्कार करायची फार इच्छा झाली, सवयीनं. तो येईना.

“सगळं परत करून देतो,” मालक म्हणाला. “वसाबी घालून. दोन मिनिटं.”

“राहू द्या. पोट भरलं.”

पर्समधला फोन वाजला. उसुई. साडेचार वाजले होते. ती फोन घेऊन दाराशी गेली, पडदा बाजूला करून अर्धी बाहेर उभी राहिली. मागं दुकानात कुणी हललं नाही. त्यांना ऐकू जाणार होतं. जाऊ दे.

“वहिनी, मी आज दुकान लवकर बंद करतोय,” उसुई म्हणाला. त्याच्या आवाजात दगडाची भुकटी बसल्यासारखी खरखर होती. “काय करायचं? दोन ना?”

“एक.”

“एकच?”

“एकच नाव. त्यांचं.”

“बघा, पुढं विचार बदलला तर पुन्हा सगळं सामान घेऊन यावं लागतं. जागा सोडून ठेवू का शेजारी?”

“सोडू नका. नाव मधोमध घ्या.”

“मुलाशी बोललात?”

“मी कुठं पुरली जाणार हे मुलाला विचारून ठरवू?”

उसुई खाकरला. तो पन्नास वर्षं हे काम करत होता. एका नावावर अडून बसणाऱ्या बायका त्यानं आधीही बघितल्या असणार, आणि त्यांना काय सांगायचं, हे त्याचं ठरलेलं असणार. “वहिनी, मी परका माणूस, पण सांगतो. गेलेल्या माणसावरचा राग धरून ठेवू नये. रागाच्या भरात बायका एक नाव कोरून घेतात आणि वर्षभरानं रडत येतात. मी बघितलंय. तुमचा राग ओसरू द्या, मग ठरवा.”

तोमिएनं राग शोधला. तो नेहमी हाताशी असायचा, सकाळी उठल्या उठल्या चप्पल सापडावी तसा. तिनं अगदी मनापासून शोधला. गल्लीत उन्हं कलली होती, समोरच्या धोब्याच्या दुकानातून वाफेचा वास येत होता, आणि तिच्या आत कुठंही काही जळत नव्हतं.

“राग नाही, उसुई-सान,” ती म्हणाली. “राग असता तर दोन्ही नावं कोरा म्हटलं असतं.”